गाडी जुनी, पत्ता नवा

नागपुरात नोकरीसाठी बाहेरून येणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. मिहान आहे, एम्स आहे, आयआयएम आहे; वायुसेनेची मेंटेनन्स कमांड, रेल्वे आणि कोळसा कंपनी वेकोलि तर जुनीच. बालाघाटहून परिचारिका येते, रायपूरहून बँकेचा अधिकारी येतो, ओडिशातून वायुसैनिकाचे कुटुंब येते. पहिले काही आठवडे ऑटो आणि मेट्रोवर निघतात. मग मुलांची शाळा ठरते, गावाकडून आई-वडील येऊन राहतात, एप्रिल तापायला लागतो आणि घरात गाडीचा विषय निघतो. दोन-तीन वर्षांनी पुन्हा बदली होणार असेल तर नवी गाडी परवडत नाही. म्हणून सेकंड हँड.

इथपर्यंतचा विचार सरळ आहे. गुंता पुढे सुरू होतो, कारण नागपूरच्या बाजारात एका गाडीशेजारी दुसरी वेगळ्याच राज्याची उभी असते. एमएच-३१ आणि एमएच-४९ शहरातल्या, एमएच-४० ग्रामीणची. त्यांच्यालगत छिंदवाड्याची एमपी-२८, दुर्गची सीजी-०७, मध्येच एखादी दिल्लीची. मॉडेल तेच, वर्ष तेच, पण बाहेरच्या पासिंगची गाडी भावात चांगलीच उतरलेली. नव्याने आलेल्या माणसाचा हात साहजिकच तिच्याकडे जातो. तो जावा की न जावा, याचे एका वाक्यात देता येईल असे उत्तर नाही. दोन्ही बाजूंना खरे वजन आहे.

आधी परकेपणाचे पाहू. गाडी कोणाच्या नावावर होऊ शकते हे ठरवताना मोटार वाहन कायदा, १९८८ माणसाचे नागरिकत्व विचारत नाही, राहण्याचे ठिकाण विचारतो. गाडी जिथे सर्वसाधारणपणे ठेवली जाते त्या राज्यातल्या कार्यालयात तिची नोंद व्हावी, असे कलम ४० सांगते. त्यामुळे विद्यापीठात शिकायला आलेला परदेशी विद्यार्थीही नागपुरात गाडी घेऊ शकतो. त्याला व्हिसा, पासपोर्ट आणि इथला पत्ता दाखवावा लागतो. चालवण्यासाठी आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभरच पुरतो, पुढे इथला काढावा लागतो. मात्र आरटीओची बरीचशी घरबसल्या होणारी कामे आधारच्या ओटीपीवर चालतात. आधार नसलेल्याला ती सोय मिळत नाही, कार्यालयाच्या फेऱ्या माराव्या लागतात.

पण आपल्या भागातला याहून मोठा आणि मनाला लागणारा प्रश्न सीमेवरच्या माणसाचा आहे. पांढुर्णा आणि सौंसर इथल्या कितीतरी घरांत मराठीच बोलली जाते. दवाखाना नागपूरचा, लग्नाचा बस्ता नागपूरचा, मुलांचे कॉलेज नागपूरचे. १९५६ पर्यंत नागपूर ज्या प्रांताची राजधानी होते, त्यातच हा मुलूख होता. आज तिथला तरुण नोकरीसाठी नागपुरात खोली करून राहतो आणि वडिलांची एमपी पासिंगची गाडी घेऊन येतो, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ती परराज्यातली गाडी असते. बारा महिन्यांहून अधिक काळ ती महाराष्ट्रात राहिली, तर कलम ४७ प्रमाणे इथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाची एनओसी लागते, आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. मूळ राज्यात पंधरा वर्षांचा कर एकरकमी भरलेला असतो; त्यातला उरलेल्या वर्षांचा हिस्सा परत मागता येतो. तो मागण्यासाठी पुन्हा त्या राज्याच्या कार्यालयात अर्ज, आणि मग वाट पाहणे.

बाहेरच्या पासिंगची गाडी स्वस्त दिसते ती यामुळे. विकणाऱ्याने भाव कमी केलेला असतो खरा, पण उरलेले ओझे घेणाऱ्याच्या डोक्यावर ठेवलेले असते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या नव्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के कर आहे. म्हणजे सहा लाखांच्या गाडीला ६६ हजार. डिझेलला तो १३ टक्के. जुन्या गाडीला वयानुसार तो कमी होत जातो, पण अगदीच नगण्य होतो असे नाही. त्यात एनओसी आणण्याचा खर्च, नव्या नंबर प्लेटचा खर्च, आणि एजंट लावला तर त्याचे पैसे. घेण्यापूर्वी ही सगळी बेरीज कागदावर मांडावी. फरक तरीही मोठा उरत असेल तर बाहेरची गाडी वाईट नाही. छिंदवाडा किंवा दुर्ग इथे ओळखीच्या माणसाची, एका हातात राहिलेली, नियमित सर्व्हिसिंग झालेली गाडी मिळत असेल, तर केवळ नंबर परका आहे म्हणून तिला नाकारणे शहाणपणाचे नाही. एनओसी आणायला विकणारा स्वतः सोबत येत असेल तर अर्धे काम तिथेच झाले.

दिल्लीच्या गाडीबद्दल मात्र मी इतका उदार होणार नाही. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचे नाही असा प्रयोग सुरू झाला आणि काही दिवसांत थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयावरून सक्तीची कारवाई करू नका, असे सांगितले. इतकी वर्षे ही टांगती तलवार राहिल्यामुळे तिथले मालक गाडी मिळेल त्या भावाला काढतात. मोठी डिझेल गाडी नागपुरात विलक्षण स्वस्तात उभी राहते ती अशी. तिच्या बाजूने बोलायचे तर महाराष्ट्रात तिची नोंदणी पंधरा वर्षांपर्यंत चालते, म्हणजे दहा वर्षांच्या गाडीला इथे पाच वर्षे कायदेशीर आयुष्य आहे. तीन वर्षांसाठी आलेल्याला तेवढे पुरे. तिच्या विरुद्ध असे की परत विकताना तिला पंधरावे वर्ष जवळ आलेले असेल. पुढच्या मालकाला फेरनोंदणीची पाच हजारांची फी, तपासणी आणि पर्यावरण कर दिसत असेल, आणि तो त्याच हिशेबाने भाव पाडेल. शिवाय मधल्या हातांचा माग लागत नाही. दिल्लीचा मूळ मालक, तिथला व्यापारी, इथला व्यापारी. यातल्या पहिल्याशी आपले कधी बोलणेही होत नाही. मीटर कुठे मागे घेतले गेले ते कोण सांगणार?

दिल्लीहून येणाऱ्या सीएनजी गाड्यांचा एक वेगळा मुद्दा. तिथे गल्लोगल्ली पंप आहेत म्हणून ती गाडी तिथे परवडते. नागपुरात २०२२ मध्ये सीएनजी किलोला १२० रुपयांवर गेला होता, तेव्हा देशातल्या सर्वांत महाग सीएनजीचे शहर म्हणून आपले नाव गाजले. आज भाव काय आहे आणि आपल्या घराजवळ पंप किती आहेत, हे पाहिल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

मग स्थानिक पासिंगची गाडी निर्धास्तपणे घ्यावी का? इथेही थांबून विचार करावा लागतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि पार्किंगमध्ये, तळघरांत उभ्या गाड्या रात्रीतून बुडाल्या. नागपूरकराला हे आठवते. तो गाडी पाहताना आधी मालकाचे घर कोणत्या भागात आहे ते विचारतो. बाहेरून आलेल्याला अंबाझरी लेआउट कुठे आणि नदी कुठून वाहते हेच ठाऊक नसते. बुडालेली गाडी धुऊन, सीट कव्हर बदलून, आत सुगंधी फवारा मारून बाजारात आली तर वरून कळत नाही.

कळते ते असे. सीट बेल्ट पूर्ण, शेवटपर्यंत ओढायचा. गुंडाळीच्या आतला भाग सहसा कोणी धुत नाही. तिथे मातीच्या पाण्याची रेघ राहते, बोट फिरवले की बारीक गाळ लागतो. मग पुढच्या सीटखाली हात घालून सीट जमिनीला जखडणारे बोल्ट पाहायचे. चार-पाच वर्षांच्या गाडीचे बोल्ट आतून गंजलेले असायचे काही कारण नाही. डिकीतली चटई उचलून स्टेपनीचा खळगा कोरडा आहे का ते पाहायचे. आणि काचा बंद करून दहा मिनिटे एसी लावायचा. कुबट वास दडवलेला असेल तर तो तेवढ्यात वर येतो. नागपूरचा एसी तर दुपारी दोन वाजताच तपासावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की इथल्या रबरी नळ्या, बॅटरी आणि टायर यांची खरी परीक्षा होते. सकाळी आठच्या गारव्यात घेतलेली ट्रायल त्याबद्दल काही सांगत नाही.

गाडीची तपासणी मेकॅनिक करून देईल. पाच-सातशे रुपये घेईल, पत्रा ठोकलेला आहे का, पिलरवर रंग नवा आहे का, इंजिन ऑइल काळेभोर आहे का, हे सांगेल. बाहेरून आलेल्या माणसाचा कच्चा दुवा माझ्या मते इंजिनात नाही. तो त्याच्या भाड्याच्या घरात आहे. मी हे जोर देऊन मांडतो आहे, कारण गाडी घेताना याकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष नसते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. प्रत्यक्षात कितीतरी घरमालक स्टँप पेपरवर नोटरी करून हात झटकतात. भाडे उत्पन्नात दाखवायचे नसते, किंवा भाडेकरू घर बळकावेल अशी धास्ती असते. भाडेकरूही घर मिळाले यातच खूष. मग तो गाडी घेतो, नावावर करायला जातो, आणि पत्त्याचा पुरावा मागितला जातो. आधार गावाकडचे, वीजबिल घरमालकाच्या नावे, करार नोटरीचा. एजंट म्हणतो, राहू द्या साहेब, फॉर्मवर आधीच्या मालकाची सही आहेच, सवडीने करू. सवड कधी मिळत नाही. गाडी वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावावर धावत राहते.

आधीच्या मालकासाठी हे किती घातक आहे, ते सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ मधील एका निकालात दिसते. गाडी विकली गेली होती, एका हातातून दुसऱ्या हातात गेली होती, पण नोंदीत पहिल्याच मालकाचे नाव राहिले होते. अपघात झाला, भरपाईचा प्रश्न आला, तेव्हा न्यायालयाने सांगितले की ज्याचे नाव नोंदवहीत आहे तोच कायद्याने मालक. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. घेणाऱ्याचेही नुकसान थोडे नाही. विमा आपल्या नावावर नसल्याने गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तर आपल्याला मिळतच नाही. तो गाडीसोबत जात नाही, माणसासोबत राहतो. आणि बदली होऊन जाताना गाडी विकायची वेळ आली की पुन्हा त्याच जुन्या मालकाला शोधत फिरायचे.

कायद्याने दिलेली मुदत पाळण्याजोगी आहे. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत, परराज्यात पंचेचाळीस दिवसांत कळवायचे. घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, गाडीवर बँकेचा बोजा असेल तर ३५ नंबरचा. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि उमटलेला ठसा जोडायचा. हा ठसा मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. आरसीवरचा आकडा आणि पत्र्यावर कोरलेला आकडा एक आहे की नाही, हे त्या क्षणी स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. खाडाखोड असेल, एखादा अंक जास्त खोल किंवा तिरका असेल तर तोही दिसतो. ते काम एजंटाच्या पोऱ्यावर सोपवू नये.

यातून दुसरा प्रश्न येतो: व्यापाऱ्याकडून घ्यावी की थेट मालकाकडून? नागपूरकर थेट मालकाकडे जातो, कारण मालकाच्या शेजाऱ्याचा मावसभाऊ त्याच्या ओळखीचा निघतो. बाहेरच्याला हा आधार नसतो, म्हणून तो व्यापाऱ्याकडे जातो आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजतो. नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, तोही शेवटी भावात येतोच. तरीही ओळख नसलेल्या माणसाने व्यापाऱ्याकडे जाण्यात गैर काही नाही, एक अट पाळली तर. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचे अधिकारपत्र घ्यावे लागते. असा व्यापारी गाडी ताब्यात घेतो तेव्हा ती नोंद ऑनलाइन होते आणि गाडीची जबाबदारी त्याच्यावर येते. नियम चांगला आहे, पण तो अजून घेणाऱ्यांच्या बोलण्यात आलेला नाही. अधिकारपत्र दाखवा, असे दुकानात शिरतानाच विचारावे. त्याच्याकडे ते नसेल आणि नुसते सही केलेले कोरे फॉर्म असतील, तर थेट मालकाशी व्यवहार करणे बरे. अशा वेळी परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीची नोंद, बोजा, विमा आणि थकीत चलने पाहून घ्यावीत; चोरीच्या गाडीची शंका असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीतही तपासता येते. एप्रिल २०१९ पूर्वीच्या महाराष्ट्र पासिंगच्या गाडीवर उच्च सुरक्षा प्लेट बसली आहे की नाही तेही बघावे. चारचाकीला तिचा दर जीएसटी सोडून ७४५ रुपये आहे. रक्कम लहान, पण तिच्याविना आरटीओतले काम अडते.

माझे स्वतःचे मत असे बनले आहे. दोन-तीन वर्षांसाठी नागपुरात आलेल्याने महाराष्ट्र पासिंगची, शक्यतो एका मालकाची पेट्रोल गाडी घ्यावी, जरी ती थोडी महाग पडली तरी. जाताना ती इथेच विकता येते. एनओसीच्या वाटेला जावे लागत नाही. सात-आठ वर्षे राहणार असेल आणि सीमेपलीकडे विश्वासाचा विक्रेता असेल, तर बाहेरची गाडी घेऊन रीतसर इथला क्रमांक करून घेणे परवडते, कारण भरलेला कर पुढे वापरलाही जातो. वर्षाहून कमी राहणाऱ्याने घेऊच नये, भाड्याची वापरावी. आणि पहिल्या दोन्ही बाबतीत गाडी पाहायला निघण्यापूर्वी घरमालकाकडून नोंदणीकृत करार पदरात पाडून घ्यावा. तो देत नसेल तर कायदा आपल्या बाजूने आहे हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे. पुणे-मुंबईप्रमाणे ही नोंदणी आता ऑनलाइन होते, खर्चही मोठा नाही.

पण सगळा भार घेणाऱ्यावर टाकून चालणार नाही. २०२१ मध्ये केंद्राने बीएच मालिका आणली. तीत कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, दहा लाखांच्या आतल्या गाडीला ८ टक्क्यांच्या दराने, आणि बदली झाली की नंबर बदलायचा नाही. ही रचना बदली होणाऱ्या माणसाच्या आयुष्याशी जुळते. पण ती सरकारी नोकरांना, सैन्याला, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनाच खुली आहे. खासगी दवाखान्यातली बालाघाटची परिचारिका, इतवारीत हिशेब लिहिणारा सिवनीचा मुलगा, पांढुर्ण्याचा संत्र्यांचा व्यापारी यांना ती नाही. ज्यांना एकरकमी कर सर्वांत जड जातो, तेच बाहेर राहिले आहेत.

राज्यांची बाजूही ऐकली पाहिजे. वाहनांवरचा कर घटनेने राज्यांना दिला आहे, रस्ते राज्याला बांधावे लागतात, आणि पळवाटांचा अनुभव वाईट आहे. २०१७ मध्ये केरळमधील नामवंतांनी कर वाचवण्यासाठी महागड्या गाड्या पुदुच्चेरीत खोट्या पत्त्यांवर नोंदवल्याची प्रकरणे उघडकीस आली. बीएच मालिका सरसकट खुली केली तर श्रीमंत माणूस तिचा असाच वापर करील, ही भीती निराधार नाही. तरी त्यावर उपाय आहे. ही सोय जुन्या आणि दहा लाखांच्या आतल्या गाड्यांपुरती, आणि नोंदणीकृत भाडेकरार असलेल्यांपुरती खुली करता येईल. कराराची मुदत तेवढा कर; करार वाढला की कर वाढेल. करारही नोंदले जातील आणि राज्याला आज जो कर मिळतच नाही, कारण गाड्या गुपचूप एमपी पासिंगवर फिरत असतात, तोही मिळू लागेल.

हे व्हायला केंद्र आणि राज्य दोघांची संमती लागेल, वेळ लागेल. कर परत देण्याचे काम मात्र महाराष्ट्राला आजच सुधारता येते. नागपुरातून रायपूरला गेलेल्या माणसाने तिथला क्रमांक घेतला की त्याची नोंद देशभरच्या वाहन प्रणालीत लगेच दिसते. मग त्याला उरलेल्या कराचा परतावा मागायला गिरीपेठच्या आरटीओ कार्यालयात पुन्हा का यावे लागावे? नोंद दिसताच रक्कम त्याच्या खात्यात जमा करण्याचा आदेश परिवहन विभागाने काढावा, आणि मध्य प्रदेश व छत्तीसगडने इथे येणाऱ्यांसाठी तसेच करावे म्हणून त्यांच्याशी बोलणी सुरू करावीत.